सॉफ्टवेअर मराठीत आणताना एककांची चिन्हं कशी सांभाळायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते. पहाटेपासून गाड्यांची रांग लागते, हमाल-तोलार कामाला भिडतात, आणि माल विकला की शेतकऱ्याच्या हातात लवकरात लवकर पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, पडावी अशी सगळ्यांची घाई असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मला एका अडत्यांचा फोन आला. "काय वो ताई, काट्यावर वजन दिसतंय, पण बिलात येईना की." मी गाळ्यावर पोचले तेव्हा दिवाणजी कार्बन लावून हाताने पट्ट्या लिहीत होते आणि समोर शेतकरी ताटकळत उभे होते.

त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी मराठीत आणलं होतं. किलोग्रॅमचं चिन्ह, म्हणजे रोमन स्मॉल के आणि स्मॉल जी, जिथे जिथे दिसलं तिथे मी 'किग्रॅ' केलं होतं. इलेक्ट्रॉनिक काटा तारेतून संगणकाला एकेक ओळ पाठवतो: आधी आकडा, मग चिन्ह. ते चिन्ह ओळखून प्रोग्रॅम आकडा उचलतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पडद्यावर दाखवायला आणि काट्याची ओळ ओळखायला एकच मजकूर वापरला होता, आणि तो मी बदलला. काटा रोमन पाठवत राहिला, प्रोग्रॅम देवनागरी शोधत राहिला. दोन्ही कामांना एकच मजकूर वापरणं ही त्यांची चूक होती, पण बदल माझा होता आणि मी तो काट्याला जोडून तपासला नव्हता.

पट्टीसाठी खोळंबलेली ती माणसं मी विसरलेले नाही. सोलापुरात आता कॉलेजची बरीच मुलं-मुली मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणायच्या कामात येताहेत, काही जण यंत्रमागवाल्यांसाठी, साखर कारखान्यांसाठी छोटी अ‍ॅप लिहिताहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हा भेद पक्का करा: नाव वेगळं, चिन्ह वेगळं

'किलोग्रॅम' हे एककाचं नाव आहे. नाव हा शब्द असतो, त्यामुळे तो प्रत्येक भाषेत त्या भाषेच्या वळणाने चालतो. मराठीत आपण किलोग्रॅमचा, मीटरने, लिटरमध्ये असं सहज म्हणतो आणि तसंच म्हणावं. चिन्हाचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची, म्हणजे एसआयची, अधिकृत पुस्तिका स्पष्ट सांगते की एककाचं चिन्ह हे संक्षेप नसून गणितातल्या चिन्हासारखं आहे. अधिकचं चिन्ह किंवा वर्तुळाच्या सूत्रातला ग्रीक 'पाय' जसा कुठल्याही भाषेत बदलत नाही, तसंच हे. म्हणून चिन्हापुढे पूर्णविराम येत नाही (वाक्यच तिथे संपलं तर गोष्ट वेगळी), त्याचं अनेकवचन होत नाही, आणि आकडा व चिन्ह यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते.

आता देवनागरीत संक्षेप करायला गेलं की काय होतं ते बघा. आपल्या लिपीत कॅपिटल आणि स्मॉल असा फरक नाही. एसआयचा अर्धा अर्थ त्या फरकातच आहे. स्मॉल के म्हणजे किलो, कॅपिटल के म्हणजे केल्विन. स्मॉल टी म्हणजे टन, कॅपिटल टी म्हणजे टेस्ला. स्मॉल एस सेकंद, कॅपिटल एस सीमेन्स. स्मॉल एम एककाच्या आधी लागला तर मिली, कॅपिटल एम लागला तर मेगा. हे मराठीत आणायचं तर मेगावॅटचं 'मेवॅ' आणि मिलिवॅटचं 'मिवॅ' होईल. दोन्हींत फरक एका मात्रेचा आणि मोल शंभर कोटी पटीचं. दक्षिण सोलापुरातल्या फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची क्षमता १,३२० मेगावॅट आहे. कुणाच्या बोटाने मात्रेऐवजी वेलांटी दाबली तर तेच केंद्र १.३२ वॅटचं होतं, ज्यात घरातला साधा एलईडी बल्बसुद्धा नीट पेटणार नाही.

'से' हे अक्षर घ्या. सेकंद, सेल्सिअस आणि सेंटी, तिघेही त्याच्यावर हक्क सांगतात. 'मी' म्हणजे मीटर, पण वाक्याच्या सुरुवातीला आला तर मी स्वतः. 'मि' म्हणजे मिनिट की मिली हे शेजारचं अक्षर पाहून ठरवायचं. किलोग्रॅमचीच रूपं मोजा: किग्रॅ, कि.ग्रॅ., किग्रा, केजी, किलो. यातलं कोणतं शोधलं तर सगळ्या नोंदी सापडतील? कोणतंच नाही.

"रशियन लोक लिहितात ना आपल्या लिपीत?"

हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो आणि तो रास्त आहे. रशियात एककांची चिन्हं खरोखर सिरिलिकमध्ये लिहितात. पण तिथे राज्याच्या मानकात प्रत्येक चिन्हाचं सिरिलिक रूप ठरवून दिलेलं आहे, आणि त्यांच्या लिपीत कॅपिटल-स्मॉल आहेत. मराठीत सगळ्यांनी पाळावा असा तक्ता नाही. तो तुम्ही एकट्याने तुमच्या अ‍ॅपमध्ये ठरवलात तर तो तुमच्या अ‍ॅपपुरताच राहील.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालाच नाही असंही नाही. १९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन केला. त्याच्या तत्त्वांत हा मुद्दा आहे: चिन्हं आंतरराष्ट्रीय रूपात, रोमन लिपीतच राहतील, सेंटिमीटरसाठी 'से.मी.' असा नागरी संक्षेप मुलांच्या आणि सर्वसामान्यांसाठीच्या पुस्तकांत चालेल, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या प्रमाण ग्रंथांत आंतरराष्ट्रीय चिन्हच वापरायचं. भूमितीच्या आकृतीत क, ख, ग चालतील, त्रिकोणमितीच्या सूत्रात रोमन आणि ग्रीक अक्षरंच. साठ वर्षांहून जुनी ही विभागणी मला आजही पटते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मी तिच्यात एकच भर घालते. जिथे वाचणाऱ्याला रोमन वाचता येत नाही तिथे संक्षेप बनवू नका, पूर्ण नाव लिहा. 'किलोग्रॅम' किंवा सरळ 'किलो'. 'किग्रॅ' वाचायला थांबावं लागतं, 'किलो' वाचायला नाही. या लेखातही मी तेच केलं आहे: एकक आलं की पूर्ण नाव, चिन्हाबद्दल बोलायचं असेल तर अक्षराचं नाव.

सोलापुरात राहणाऱ्याला तर आणखी एक कारण आहे. अक्कलकोट रोडच्या एखाद्या कारखान्यात जा. मालक आणि मास्तर घरी तेलुगू बोलतात, हिशेब मराठीत, टेम्पोवाला इंडीकडचा कानडी, शिलाईवाल्या बायकांत काही उर्दू बोलणाऱ्या. पॅकिंगच्या खोक्यावर वजनाचं जे रोमन चिन्ह छापलेलं असतं, ते या सगळ्यांना एकसारखं कळतं. तिथे देवनागरी संक्षेप छापला तर मराठीचा मान वाढत नाही, त्या खोलीतली काही माणसं मात्र बाहेर पडतात. मराठीचा मान वाढवायची जागा दुसरी आहे: सूचना, चूक झाल्यावर दिसणारे संदेश, मदतीची पानं. तिथे जीव ओतून मराठी लिहा.

पायरी १: अनुवाद करण्याआधी प्रत्येक ओळीचा संदर्भ विचारा

बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरचा मजकूर पीओ फाइलमध्ये असतो. मूळ ओळ वर, तुमची ओळ खाली. नवख्या माणसाला वाटतं की मोठी वाक्यं अवघड. खरी अवघड असतात ती एकाक्षरी, एकशब्दी नोंदी. नुसतं स्मॉल एम आलं तर ते मीटर, मिनिट, महिना की पुरुष? विचारल्याशिवाय हात लावू नका. फाइलमध्ये संदर्भाची ओळ असेल तर ती वाचा. नसेल तर मूळ प्रकल्पात तक्रार नोंदवून संदर्भ मागा.

शब्दांचंही तेच. 'सेकंड' हा सेकंद आहे की दुसरा? 'फूट' हे माप आहे की पाय? एका कापडाच्या अ‍ॅपमध्ये 'यार्ड'चं भाषांतर कुणीतरी बरोबर 'वार' केलं होतं. नऊवारी नेसणाऱ्या घरातल्या कुणालाही कळेल असा अस्सल शब्द. पण पडद्यावर तो रकाना तारखेच्या शेजारी होता, आणि वापरणारे त्यात 'सोमवार', 'मंगळवार' भरत होते. तिथे 'लांबी, वारात' असं लिहिल्यावर प्रश्न मिटला.

सर्वांत जास्त फसवतो तो 'युनिट' हा शब्द. सेटिंगमध्ये 'युनिट्स' असा पर्याय असतो आणि त्याचं सरळ देवनागरीकरण करावंसं वाटतं. पण यंत्रमागवाल्याला युनिट म्हटलं की विजेचं बिल दिसतं. आपल्याकडे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. म्हणून तिथे 'एकक' लिहा, आणि शेतकरी-दुकानदारांसाठी असेल तर 'मोजमाप'. "मोजमाप कशात दाखवायचं?" हा प्रश्न सगळ्यांना कळतो.

काही शब्द बाजारात आधीच तयार असतात. काट्यावर रिकामं भांडं ठेवून वजन शून्य करण्याच्या बटणाचं काय करायचं, यावर आम्ही एकदा तासभर वाद घातला. शेजारच्या भुसार दुकानातले आजोबा म्हणाले, "धडा करा म्हणायचं की." जुन्या तराजूवर डब्याच्या वजनाइतका दगड दुसऱ्या पारड्यात ठेवत, तो धडा. तरुण दुकानदारांना तो शब्द ठाऊक असेलच असं नाही, म्हणून आम्ही बटणावर 'भांड्याचं वजन वजा करा' लिहिलं आणि मदतीच्या पानावर धडा हा शब्द दिला. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जरूर बघा, पण त्यानंतर एक चक्कर बाजारातही मारा.

पायरी २: दाखवायचं वेगळं, साठवायचं वेगळं

माझ्या कांद्याच्या प्रकरणाचं उत्तर या पायरीत आहे. प्रोग्रॅमच्या पोटात एककाचा संकेत एकच असावा आणि तो कधीही अनुवादासाठी बाहेर येऊ नये. पडद्यावर काय दिसतं ते स्वतंत्र ओळीत असावं. तुम्ही अनुवादक असाल आणि चिन्हाची एकच ओळ दोन कामांना वापरली आहे असं दिसलं, तर अनुवाद थांबवा आणि आधी ती ओळ वेगळी करून घ्या.

स्प्रेडशीटमध्ये याचं चांगलं उदाहरण आहे. लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमध्ये मापं बदलायचं 'कन्व्हर्ट' नावाचं सूत्र आहे. त्यात एककाचे संकेत रोमनमध्येच द्यावे लागतात आणि कॅपिटल-स्मॉलचा फरक पाळावाच लागतो. पडदा मराठीत असला तरी सूत्रात 'किग्रॅ' लिहिलंत तर उत्तराऐवजी चूक येते.

आकड्यांचंही असंच, आणि इथे मराठीवाले हिंदीवाल्यांपेक्षा जास्त अडकतात. भाषांची माहिती साठवणाऱ्या युनिकोडच्या सीएलडीआर भांडारात हिंदीसाठी मूळ पसंती आंतरराष्ट्रीय आकड्यांची आहे, मराठीसाठी देवनागरी आकड्यांची. त्यामुळे वेबवरच्या अ‍ॅपमध्ये भाषा मराठी-भारत निवडली की आकडे आपोआप १२,३४,५६७ असे देवनागरीत दिसू लागतात. दिसायला छान. पण तोच आकडा वापरणाऱ्याने बदलून परत पाठवला की जावास्क्रिप्टला '१२' हा आकडा म्हणून कळत नाही; 'संख्या नाही' असं उत्तर येतं. पायथनला मात्र '१२' बारा म्हणून कळतो. म्हणजे तुमच्या संगणकावर पायथनमध्ये चाचणी उत्तीर्ण होईल आणि दुकानदाराच्या ब्राउझरमध्ये बिल अडेल. उपाय दोन आहेत. एक तर आत येणारा प्रत्येक देवनागरी अंक आधी आंतरराष्ट्रीय अंकात बदलून घ्या आणि स्वल्पविराम काढून टाका. किंवा भाषेच्या संकेताला जोडून आकड्यांची पद्धत स्पष्ट लिहून आंतरराष्ट्रीय आकडे मागून घ्या.

मी काय करते? वाक्यात, बातमीत, मदतीच्या पानावर देवनागरी आकडे. वजन, किंमत, मोजमापाच्या रकान्यात आंतरराष्ट्रीय आकडे. घाईत हाताने लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि आपल्याकडे एकाच वहीत दोन्ही पद्धती चालतात. पैशाच्या रकान्यात हा धोका नको. त्याऐवजी पट्टीच्या तळाला रक्कम अक्षरी मराठीत छापा. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर ही रूपं नियमाने बनत नाहीत, त्यामुळे शंभरापर्यंतचा तक्ता हाताने भरावा लागेल. ते काम एकदाच करायचं असतं.

पायरी ३: आपली मापं टाकून देऊ नका

आंतरराष्ट्रीय मानक पाळायचं म्हणजे गुंठा, ब्रास, डझन हद्दपार करायचे असा काहींचा समज असतो. मानक एककांबद्दल आणि त्यांच्या चिन्हांबद्दल बोलतं. माणूस ज्या मापात विचार करतो ते माप पडद्यावर असलंच पाहिजे. फक्त त्यामागचं गणित अचूक हवं.

जमिनीचं उदाहरण घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. शेतकरी बोलतो एकर आणि गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, शंभर आरचा एक हेक्टर. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, एक आर बरोबर १०० चौरस मीटर. इतके जवळ की लोक दोन्ही एकच धरतात, आणि मोठ्या क्षेत्रात हिशेब चुकतो. पण मी पाहिलेली मोठी चूक वेगळीच होती. एका अ‍ॅपमध्ये क्षेत्रासाठी एकच चौकट होती. सातबाऱ्यावर एक हेक्टर पाच आर, म्हणजे १.०५. भरणाऱ्याने वाचलं "एक, पाच" आणि टाइप केलं १.५. अ‍ॅपने घेतलं एक हेक्टर पन्नास आर. पंचेचाळीस आर, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस गुंठे, एकराहून जास्त जमीन हवेतून आली. हेक्टरसाठी एक चौकट आणि आरसाठी दुसरी, एवढ्याने ही चूक बंद होते. यात भाषांतराचा प्रश्नच नव्हता, पण ती चूक दिसली अनुवाद करणारीलाच, कारण सातबारा तिने वाचलेला होता.

ब्रासची गंमत तर बांधकामवाल्यांना विचारा. वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफूट, प्लास्टरचा ब्रास शंभर चौरस फूट. अ‍ॅपमध्ये 'ब्रास' एवढंच लिहू नका, कशाचा ते लिहा. आणि सोन्याचा तोळा आज व्यवहारात दहा ग्रॅम धरतात, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. जुन्या दागिन्याच्या चिठ्ठीवरून नोंद करताना हे लक्षात ठेवा.

आता आपल्या घरचा विषय, टॉवेल. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि या धंद्यात रोज चार पद्धतींची मापं एकत्र नांदतात. सुताचा नंबर इंग्रजी काउंटमध्ये, आकार इंचात, वजन ग्रॅममध्ये, भाव डझनावर किंवा किलोवर. खरेदीदार विचारतो जीएसएम किती, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. समजा ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ५०० ग्रॅमचा आहे. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, त्यात अंदाज नाही. लांबी १.५२४ मीटर, रुंदी ०.७६२ मीटर, क्षेत्र १.१६१ चौरस मीटर, म्हणून जीएसएम साधारण ४३१. अ‍ॅपने इंच आत घेताना ७६ आणि १५२ सेंटिमीटर असं पूर्णांकात आणलं तर तोच टॉवेल ४३३ जीएसएमचा होतो, आणि परत इंचात दाखवताना ३० च्या जागी २९.९ उमटतं. मास्तर लगेच म्हणेल, तुमचं यंत्र चुकतंय. त्यामुळे साठवताना पूर्ण अचूक आकडा ठेवा, तो जवळच्या सोप्या आकड्यावर फक्त दाखवताना आणा.

काउंटचंही लक्षात असू द्या: इंग्रजी काउंट वाढला की सूत बारीक होतं, तर टेक्स या आंतरराष्ट्रीय मापात आकडा वाढला की सूत जाड. ५९०.५ ला काउंटने भागलं की टेक्स मिळतं. वीस काउंट म्हणजे साधारण साडेएकोणतीस टेक्स. अ‍ॅपमध्ये दोन्ही दाखवा, पण पहिला मान काउंटला द्या, कारण सूत मागवताना तोंडात तोच शब्द असतो.

पाण्याच्या अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी एकच सूचना. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" असं सगळं शहर म्हणतं. तुमच्या रकान्याने उणे टक्के चूक समजून नाकारले तर अ‍ॅप ऐन गरजेच्या महिन्यांत बंद पडेल. टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमी (दशलक्ष घनमीटर) दोन्ही दाखवा. एक टीएमसी म्हणजे २८.३ दशलक्ष घनमीटर.

पायरी ४: अक्षरांच्या बारीक खोड्या

मराठी कळफलकावरून टाइप करताना अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडतो. 'वजन:' आणि 'वजनः' दिसायला सारखे, पण दुसऱ्यात विसर्ग 'न'ला चिकटून त्याचं अक्षर झालेलं असतं. अंशाच्या चिन्हाऐवजी काही जण देवनागरी शून्य वर चढवून लावतात. मायक्रोच्या ग्रीक म्यूसाठी युनिकोडमध्ये दोन वेगळे संकेत आहेत, दिसायला एकच. सगळीकडे एकच वापरा, नाहीतर शोध चालणार नाही. आकडा आणि चिन्ह यांच्यामध्ये न तुटणारी जागा घाला म्हणजे आकडा ओळीच्या शेवटी आणि चिन्ह पुढच्या ओळीत असं होणार नाही.

जुन्या फॉन्टचं दुखणं अजून संपलेलं नाही. नव्या पेठेत छपाईला फाइल दिली आणि तिथे ती कृतिदेवमध्ये उघडली, तर रोमन के-जी च्या जागी 'ाह' छापून येतं. फाइल युनिकोडमध्येच ठेवा आणि चिन्हाचा फॉन्ट वेगळा लावा.

वाक्यात आकडा आपोआप भरायचा असेल तर चिन्हाला मराठी प्रत्यय जोडायची वेळ आणू नका. '%डी किलोग्रॅमने वाढवा' (टक्का-डी ही आकडा भरायची जागा) यात नाव असेल तर ठीक, पण तिथे चिन्ह येणार असेल तर 'वाढ' असं लिहून अपूर्णविराम द्या आणि पुढे आकडा-चिन्ह ठेवा. मूळ ओळीतले टक्क्याचे आणि कंसाचे संकेत जसेच्या तसे राहिले आहेत ना, हे दर वेळी तपासा.

पायरी ५: लेबल छापणार असाल तर कायदा वाचा

भारतात मेट्रिक मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. शेर, पायली, मण तेव्हापासून मागे पडत गेले. आज लागू आहे तो २००९ चा वैधमापन कायदा, १ एप्रिल २०११ पासून. त्यात एककं आंतरराष्ट्रीय पद्धतीची आणि अंक भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले असं स्पष्ट आहे. पाकीटबंद मालाच्या नियमांनुसार लेबलवरची सक्तीची माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. तिच्या जोडीला इतर भाषा चालतात. म्हणजे शेंगदाणा चटणीच्या पाकिटावर मराठी जरूर छापा, पण केवळ मराठीवर भागणार नाही. हे चटणीवाल्या बचत गटांना आधीच सांगा, पाकिटं छापून झाल्यावर नको. ग्रॅमचं चिन्ह फक्त एक स्मॉल जी आहे. त्याला एम किंवा एम-एस जोडायची सवय बाजारात खूप आहे, तुमच्या साच्यातून ती काढून टाका.

पायरी ६: गाळ्यावर जाऊन तपासा

मराठी पडदा स्वतःच्या लॅपटॉपवर छान दिसतो. बिलाच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर तोच मजकूर चौकोन होऊन बाहेर येतो, कारण त्यात देवनागरी नसते. म्हणून छापून बघा, काटा जोडून बघा, स्वस्त फोनवर बघा. देवनागरीत '१२५०' टाइप करून बघा, स्वल्पविरामासकट बघा, उणे आकडा टाकून बघा. आणि वापरणाऱ्याला काही न सांगता त्याच्यामागे अर्धा तास उभे राहा. तो जिथे थांबतो ती ओळ लिहून घ्या.

दोष सापडला तर तो फक्त मराठी फाइलमध्ये दुरुस्त करून सोडू नका. मूळ प्रकल्पाकडे साध्या भाषेत कळवा: कोणती ओळ, ती कुठे-कुठे वापरली आहे, मराठीत काय होतं, आणि तुमच्या मते ती कशी वेगळी करावी. सोबत पडद्याचं चित्र जोडा. तुमची दुरुस्ती कानडी आणि तेलुगू अनुवादकांनाही उपयोगी पडते, त्यांचीही अडचण तीच असते.

कांद्याच्या त्या गाळ्यावर आता जी पट्टी छापली जाते तिच्यावर 'निव्वळ वजन' मराठीत आहे, पुढे आंतरराष्ट्रीय आकडा, एक मोकळी जागा, मग रोमन चिन्ह. त्याखाली क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, आणि तळाला अक्षरी रुपये. नवीन काटा आणला तेव्हा मी आधीच जाऊन तो जोडून पाहिला होता.